चार फुटांचा पलंग

मुलांनो, एक घर डोळ्यांपुढे आणा. डोळे मिटायचे नाहीत, उघडेच ठेवा. मिटल्या डोळ्यांच्या माणसांवरच हा धंदा चालतो. घरात टेबलावर सफरचंदं आहेत, पण प्लास्टिकची. फळीवर जाडजूड पुस्तकं आहेत, पण एकातही पान नाही, नुसते पुठ्ठे. टीव्ही आतून पोकळ. फ्रिजला वायर नाही. खोल्यांना दारं नाहीत, कारण दार उघडायला जागा लागते आणि जागा किती कमी आहे तेच तर लपवायचं आहे. बाहेर पाटी लावली आहे, 'आपलंच घर समजा'. पाटीखाली कागदांचा गठ्ठा. त्यातल्या एकावर सही केल्याशिवाय आपल्याच घरात पाऊल टाकता येत नाही.

दिसलं? मग आता त्या घराच्या हॉलमध्ये, रविवारी सकाळी, अल्लाबक्ष मिस्त्री उभे आहेत ते बघा. शेजारी चार खुर्च्या रिकाम्या आहेत, तरी मिस्त्री उभेच. त्या खुर्च्यांवर बसू नये हे त्यांना सगळ्यांत जास्त ठाऊक, कारण त्या त्यांनीच केलेल्या. त्यांचं बोट धरून नात शबनम. सुट्टी होती, आणि इथून पुढे तिला शाळेचे बूट घ्यायला जायचं होतं. समोर मालक रविराज, पेन पुढे करून.

"चाचा, खाली सही करा. नुसती फॉर्मॅलिटी आहे."

रविराजचा धंदा असा. नगरला सावेडीच्या पुढे नव्या इमारती उठत होत्या. तिथला रिकामा फ्लॅट घ्यायचा, त्यात खोटा संसार मांडायचा आणि बघायला येणाऱ्याला वाटायला लावायचं की आपण इथे सुखात राहू. या विद्येला तो 'होम स्टेजिंग' म्हणे आणि म्हणताना हनुवटी जरा वर उचले. पण त्याची खरी हुशारी कागदांत होती. पाहुण्यांसाठी एक कागद, रंगाऱ्यासाठी दुसरा, पडदेवाल्यासाठी तिसरा. मजकूर वेगवेगळा, अर्थ एकच: काही झालं तर आम्ही नाही. पाहुण्यांच्या कागदावर लिहिलं होतं, 'कोणत्याही वस्तूवर बसणे, टेकणे, रेलणे किंवा झोपणे सर्वस्वी पाहुण्याच्या जबाबदारीवर राहील.' खुर्चीत बसण्याआधी आपल्या हाडांची हमी ज्याला लिहून द्यावी लागते, त्याच्या घरचं पाणीसुद्धा पिऊ नये. पण लोक हसत हसत सही करत. वाचत कुणीच नसे.

मिस्त्री मूळचे काष्टी गावचे. तिथल्या आपल्या छोट्या कारखान्यात चाळीस वर्षं त्यांनी लग्नाचे पलंग केले. त्यांच्या वडिलांपासून घरात एक रीत होती. पलंग पुरा झाला की आधी घरातलं पोर त्यावर निजवायचं आणि त्यालाच विचारायचं, "दिऊ का?" पोर "द्या" म्हणालं की मगच पलंग टेम्पोत चढायचा. शबनम पाळण्यातून उतरली तेव्हापासून तो मान तिचा. पुढे शोरूमचे तयार पलंग आले, हातानं केलेला पलंग कुणाला नकोसा झाला, आणि मिस्त्री रविराजकडे आले.

मुलांच्या खोलीतल्या पलंगासाठी रविराजनं लांबीचं माप दिलं चार फूट. प्लाय सगळ्यांत पातळ.

"ह्याच्यावर कुठलं प्वार मावंल?" मिस्त्रींनी विचारलं होतं.

"पोरानं झोपायचंय कुठे? खोली मोठी दिसली पाहिजे."

मिस्त्रींनी तो केला. पोर न निजवता त्यांच्या हातून गेलेला तो पहिला पलंग. घरी ते त्याबद्दल बोलले नाहीत.

गेल्या महिन्यात पुष्पावतीबाई, सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स, घर बघायला आल्या. नातवाला खोली आवडेल का, असं म्हणत त्या पलंगाच्या कडेवर टेकल्या. प्लाय खचला, बाई पडल्या, मनगट मोडलं. रविराजनं पाणी मागवलं, पण त्याआधी गठ्ठ्यातून बाईंच्या सहीचा कागद शोधून काढला. सही सापडल्यावर त्याचा चेहरा एकदम मायाळू झाला.

मिस्त्री केळी घेऊन बाईंना बघायला गेले होते. बाई रागावल्या नाहीत. पलंग कशाचा होता, एवढंच त्यांनी विचारलं, आणि चाळीस वर्षं पलंग केलेल्या माणसानं केळी उशाशी ठेवून चपला घातल्या. मोडलेला पलंग नुसता चिकटवून द्यायचा हुकूम होता. मिस्त्रींनी कुणाला न सांगता खालून दोन सागवानी पट्ट्या ठोकल्या. लांबी मात्र वाढवता येत नव्हती.

आता बाईंच्या वकिलाची नोटीस आली होती, आणि म्हणून हा नवा कागद. मिस्त्रींची शाळा तिसरीपर्यंतची. घरातले सगळे कागद शबनमच वाची. तिनं तो हातात घेतला आणि वर्गात धडा वाचावा तसं खणखणीत वाचू लागली.

"'पलंगाचे माप, लाकूड व जोडणी मी माझ्या मर्जीने ठरवली. त्यामुळे झालेल्या इजेस मी स्वतः जबाबदार आहे.' नाना, ह्याच्यावर तारीख आजची न्हाई, पलंग केला तवाची, दिवाळीच्या आधीची हाय."

"ते आमच्याकडे तसंच घालतात," रविराज म्हणाला.

शबनमनं नानांकडे बघितलं. "मर्जीनं म्हंजी? तुमाला आवडला म्हनून छोटा केला?"

मिस्त्रींनी हातात घेतलेलं पेन परत टेबलावर ठेवलं. "मालक, माप तुमचं हुतं. तेवढं त्यात लिवा, मंग करतो सही."

रविराज हसला. कागदात अशी खाडाखोड करून चालत नाही, म्हणाला. बारा फ्लॅटचं काम यायचं आहे, सही करणारे मिस्त्री नगरात पुष्कळ आहेत, असंही त्यानं गोड आवाजात सांगितलं. आणि ते खरंच होतं.

तेवढ्यात राहात्याहून एक कुटुंब आलं. मच्छिंद्र नावाचा कांद्याचा व्यापारी, त्याची बायको आणि शबनमएवढी मुलगी. मच्छिंद्रनं न वाचता सही ठोकली. रविराज त्यांना थेट मुलांच्या खोलीत घेऊन गेला. मिस्त्रींनाही त्यानं खुणेनं मागे बोलावलं, आणि शबनम त्यांच्या मागून आली.

"लई ऐसपैस हाय की," मच्छिंद्र म्हणाला.

"आणि हा पलंग," रविराजनं मिस्त्रींच्या खांद्यावर हात ठेवला, "आमच्या चाचांनी स्वतःच्या मर्जीनं केलाय. माप त्यांचंच. हो ना, चाचा?"

पाहुणे कौतुकानं मिस्त्रींकडे बघू लागले. एक हो म्हटलं की बारा फ्लॅट. मिस्त्री पलंगाकडे बघत होते.

शबनमनं नानांचं बोट सोडलं. चपला काढून तिनं पलंगाशी जोडीनं ठेवल्या, वर चढली आणि काष्टीच्या कारखान्यात निजायची तशी, हात अंगालगत धरून, उताणी निजली. तिनं कुठल्याच कागदावर सही केलेली नव्हती.

"ए, उतर खाली," रविराज म्हणाला. मग मिस्त्रींना, "उचला तिला."

मिस्त्रींनी तिला उचललं नाही. पलंग कुरकुरला नाही, सागवानानं भार नीट पेलला. पण पोरीची दोन्ही पावलं वीतभर बाहेर आली होती. मच्छिंद्रची बायको त्या पावलांकडे बघत होती आणि मग स्वतःच्या मुलीकडे.

मिस्त्री पुढे झाले. नेहमीसारखे पलंगाच्या पायथ्याशी उभे राहिले आणि नेहमीच्याच आवाजात त्यांनी विचारलं, "दिऊ का गं?"

शबनमनं मान उचलून आपल्या पावलांकडे बघितलं, आणि नाही म्हणून मान हलवली.