येऊ दे

"हलू नको, नाथाकाका! श्वास बी घेऊ नको!"

"मग काय मरू?" ओठ न हलवता नाथाने विचारलं.

मे महिन्याचं टळटळीत ऊन. पेणच्या खाडीकाठी मिठाची पांढरीशुभ्र रास, तिच्याशेजारी नाथा, आणि मागे बांधावर मुरमाने भरलेला डंपर. मिठागर आजच बुजवायचं होतं. चाळीस वर्षं नाथाने इथं मीठ ओढलं, पण त्याचा आणि मिठाचा एकत्र असा एकही फोटो नव्हता. ड्रायव्हरने चहा संपेपर्यंतची मुदत दिली होती, आणि चहा तर कटिंगच होता.

पुतण्या हितेशने फोटो दाखवला. मिठाचा दाणान्‌दाणा मोजून घ्या. शेजारी कोळसा.

"ह्यो जळका वासा कोण?"

"तूच. मीठ लय चमकतं, म्हणून तू काळा."

हितेशने उजेड वाढवला. आता नाथाच्या दाढीचे खुंटसुद्धा दिसले, पण मीठ गायब. सगळीकडे नुसतं पांढरं.

"आरं, मी ढगात उभा हाय! कवा मेलो?"

हितेश रोह्याला कुंडलिकेच्या काठावर एक दिवसाचं फोटोग्राफीचं शिबिर करून आला होता. प्रमाणपत्र त्याने आपल्या फोटोच्या दुकानात देवाच्याही वर टांगलं होतं.

"असं भांडण लागलं ना, की दोन फोटो काढायचे. एक मिठाचा, एक तुझा. मग कॉम्प्युटरवर दोघांचं लगीन लावायचं. पण हातात धरून काढलेले जुळत नाय. स्टँड पायजे."

स्टँड चिखलात रुतायला लागला. नाथाने एक चप्पल काढून त्याच्या पायाखाली सारली. मिठाचा फोटो निघाला, झकास. आता नाथाचा.

"काका, थोबाड सुतकी नको. हसू येऊ दे! आजून येऊ दे... येऊ दे, येऊ दे!"

डंपरवाल्यांच्या भाषेत 'येऊ दे'चा अर्थ एकच. ड्रायव्हरने चहाचा ग्लास ठेवला, रिव्हर्स टाकला आणि हितेशच्या हुकमाप्रमाणे अख्खा मुरूम राशीवर ओतला.

दुसऱ्या फोटोत लाल धुरळा होता आणि उडी मारून पळालेल्या नाथाची उरलेली चप्पल.

"माझ्याच तोंडाने गेलं रं काका," हितेश रडकुंडीला आला. "तो ढगातला देऊ का फ्रेम करून? त्यात तू चांगला दिसतोस."

"त्यात मीठ कुठंय? काळा दे."

संध्याकाळी नाथा फोटो घेऊन अनवाणीच गणपतीच्या कारखान्यात गेला. त्याची बायको धोंडुबाई तिथं मूर्तींचे डोळे आखायची.

"गो, ह्या काळ्याला डोळे आख."

"याड लागलं का तुमाला? डोळे आखले की देव होतो. मंग बुडवावा लागतो."

"बुडवलाच हाय आज. तू आख."

धोंडुबाईने हात पदराला पुसले, सगळ्यात बारीक ब्रश घेतला आणि श्वास रोखून दोन ठिपके दिले. गणपतीची नजर ती नेहमी समोर, भक्ताकडे लावायची.

काळ्या नाथाची तिने राशीकडे लावली.