सहाव्या होलची घंटा

आमच्या गोल्फच्या मैदानातली सहाव्या होलची टेकडी माझ्या दोन गवत कापायच्या यंत्रांच्या मुळावर आली. म्हणून समितीनं ती सपाट करायचं काढलं तेव्हा पहिला हात मी वर केला. सव्वीस वर्षं इथलं गवत राखतोय मी, तेवढा हक्क आहे माझा.

पाहुणे खेळाडूही त्या टेकडीच्या नावानं खडे फोडायचे. तिच्यामुळे पलीकडचा, खळगा दाखवणारा झेंडा दिसतच नाही. माथ्यावरच्या पांढऱ्या खांबाकडे बघून मारायचं, टेकडी चढायची, मग कळणार आपलं काय झालं ते. होल संपला की पलीकडे टांगलेली घंटा वाजवायची, म्हणजे मागचे मारायला मोकळे. "पैसे मोजून आंधळी कोशिंबीर!" असं एका लंडनवाल्यानं मला तोंडावर ऐकवलं होतं.

विरोध एकट्या गुर्ली बाईंचा. वय अठ्ठ्याहत्तर. अर्ध्या गावाला त्यांनी पाढे शिकवले, मलाही. समितीत त्या एवढंच म्हणाल्या, "टेकडी गेली की माझ्या खेळायच्या काठ्या माळ्यावर." कारण काही सांगितलं नाही.

कारण मला ठाऊक होतं. दोन वर्षांपासून बाईंना समोरचं दिसत नव्हतं, कडेकडेचं तेवढं अंधुक दिसायचं. हे कुणाला सांगायचं नाही अशी त्यांच्या मैत्रिणीला, क्रिसीला, सक्त ताकीद होती. चेंडू कुठे गेला ते सतरा होलांवर क्रिसी हळूच त्यांच्या कानात सांगायची; गवत कापता कापता ते माझ्या कानावर आलं होतं. सहाव्यावर मात्र कुणालाच काही दिसत नाही. तिथे बाई क्रिसीला सांगायच्या. हे माहीत असून मी हात वर केला होता, आणि घरी गेल्यावर मला त्याची लाज वाटली.

मैदानांचे आराखडे करणारे लॉरिमर साहेब एडिनबराहून यायचे होते. ते म्हणतील ते करायचं, असं समितीनं ठरवून टाकलेलं. मी त्यांना मुद्दाम मंगळवारी, बाईंच्या खेळायच्या दिवशी, बोलावलं आणि बाई-क्रिसीबरोबर खेळायला लावलं. वाट दाखवायच्या निमित्तानं स्वतःही बरोबर निघालो.

सहाव्यावर साहेबांनी दणकून मारला. चेंडू खांबावरून पलीकडे गेला.

"वा! झेंड्याजवळच पडला असणार," साहेब खूश होऊन म्हणाले.

"छे," बाई म्हणाल्या. "काठीच्या टोकाला लागला तुमचा. आवाज चपटा आला, आणि वारा समुद्राकडून आहे. डावीकडे, खडकाच्या अलीकडच्या काटेरी झुडपात बघा."

"तुम्हाला दिसला?"

"इथून कुणाला दिसतं? कान कशाला दिलेत देवानं?"

"साहेब, वाद घालू नका," क्रिसी म्हणाली. "वर्गाकडे पाठ असली तरी कोण टॉफी चघळतंय ते कळायचं हिला."

बाईंनी आपला चेंडू हलकेच, जमिनीलगत, खांबाच्या उजवीकडून सोडला. "उजवीकडून गेला की पलीकडचा उतार त्याला घरी आणून सोडतो. ताकद नसलेल्यांचीही सोय केलीय इथे कुणीतरी."

साहेब टेकडी चढता चढता चक्क पळायला लागले. साठीचा माणूस! चेंडू सापडला तो खडकाच्या अलीकडच्या झुडपातच. बाईंचा झेंड्यापासून दोन हातांवर. साहेब काट्यांतून हात काढत हसत सुटले.

"वीस वर्षांत मी चेंडू बघायला पळालो नव्हतो," ते मला म्हणाले. "सपाट होलवर मारल्या मारल्या सगळं कळतं हो. उरतं ते नुसतं चालणं."

होल संपला. घंटेचा मान बाईंचा. त्यांनी दोराला हात घातला, तो हुकला. पुन्हा हुकला. क्रिसी पुढे सरकली तर बाईंनी तिला कोपरानं मागे सारलं. तिसऱ्यांदा दोर सापडला आणि घंटा वाजली.

साहेबांनी ते पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी खाली बुटांकडे बघत राहिलो.  पुढच्या होलवर बाईंनी मारल्याबरोबर, क्रिसीच्या आधी, साहेबच स्वतःशी बोलल्यासारखे म्हणाले, "सुंदर! अगदी मधोमध, वाळूच्या थोडा अलीकडे."

पंधरा दिवसांनी त्यांचा अहवाल आला. सहाव्या होलबद्दल दोनच ओळी होत्या. टेकडीला हात लावू नये. घंटेचा दोर जाड घ्यावा आणि हातभर लांब सोडावा.

"दोराचं काय मध्येच?" अध्यक्ष वैतागले. "या लोकांना काहीतरी सुचवल्याशिवाय चैन पडत नाही." मी त्याच संध्याकाळी दोर बदलला.

मंगळवारी मी त्या होलजवळच यंत्र बंद करून थांबलो होतो. बाईंनी हात पुढे केला आणि दोर सरळ त्यांच्या मुठीत आला.  त्यांनी बोटांनी दोर चाचपला, पार खालच्या गाठीपर्यंत.

"लॅकी, इथेच आहेस ना रे? दोर कुणी बदलला?"

"समितीनं, बाई. जुना कुजला होता."

"खोटं बोलताना तुझा आवाज अजून तिसरीतल्यासारखाच होतो," बाई म्हणाल्या. त्यांनी घंटा वाजवली. मागे कुणीही खेळत नव्हतं, तरी आणखी एकदा वाजवली.