ओला कचरा गिळणारी भट्टी

मित्रांनो, मी एक जुनी भट्टी आहे. वय विचाराल तर अवघे नऊ वर्षांचे, पण मला ज्या रीतीने वापरले त्यात कोणीही लवकर म्हातारे होईल. मी शहराचा कचरा जाळते. माझ्या आचेवर पाण्याची वाफ होते, त्या वाफेने मोठे चक्र फिरते आणि वीज तयार होते.

माझी एकेक वीट मिस्त्रीकाकांनी स्वतः पारखून लावली. पुढे मला चालवायचे कामही त्यांच्याकडेच आले. त्यांचा माझ्यावर फार जीव. पूर्वी सगळा कचरा ज्या टेकाडावर पडायचा, त्याच्या पायथ्याशी त्यांच्या लेकीचे घर आहे. टेकाड सतत धुमसायचे आणि तिच्या छोकरीला दम लागायचा. मी सुरू झाले, टेकाडावरच्या गाड्या थांबल्या आणि पोर धावत शाळेत जाऊ लागली. त्या दिवसांत सगळ्यांनी मला डोक्यावर घेतले होते. पाहुणे येऊन माझ्या काचेतून ज्वाळा बघायचे.

मग माझे दिवस फिरले. कचऱ्याच्या प्रत्येक गाडीत मधोमध एक पत्रा होता. एका बाजूचा ओला कचरा खताला जायचा, दुसऱ्या बाजूचा सुका माझ्याकडे यायचा. गाडी धुताना आडवा येतो म्हणून एका चालकाने तो पत्रा काढला. त्याचे बघून सगळ्यांनी काढले. त्यातल्या दोन पत्र्यांचे फाटकापाशी छप्पर झाले आणि गाड्यांचा कारभार बघणारे साहेब आपली स्कूटर त्याच सावलीत लावू लागले! सांगा, राग येणार नाही तर काय?

आपले दोन्ही डबे एकत्रच ओतले जातात हे पाहून लोकांनीही कचरा वेगळा करणे सोडले. माझ्या तोंडात कलिंगडाची साले, आंबलेला भात आणि चिंब कागद पडू लागले. पाणी जळत नाही, हे पहिलीतल्या मुलालाही कळते. माझी निम्मी आच हे सगळे वाळवण्यातच जाऊ लागली. वीज घटली आणि खापर फुटले माझ्यावर. म्हणे, भट्टीच भिकार!

काका साहेबांकडे खेटे घालून थकले.

“साहेब, पत्रे परत बसवा. एका दिवसाचं काम आहे.”

“बघू हो काका, पुढच्या महिन्यात.”

“पुढच्या महिन्यात भट्टी बंद पडलेली असेल, साहेब.”

तसेच झाले. परवा तपासणी झाली. आच पुरेशी नसली की धूर विषारी होतो, म्हणून मला बंद करण्याचा हुकूम निघाला. हुकूम बरोबर होता, हेच मला जास्त झोंबले.

काकांनी माझे दार लावले. बाहेर गाड्या टेकाडाकडे वळत होत्या. त्यांनी लेकीला फोन केला.

“बाळा, आजपासून खिडक्या लावून घे. पोरीला अंगणात सोडू नकोस.”

“किती दिवस, बाबा?”

काकांनी माझ्या विटांवरून हात फिरवला. इतकी वर्षे आग गिळली मी, पण तो प्रश्न मला गिळवला नाही.

मित्रांनो, आज हातातले साल टाकण्याआधी डबा बघा. गाडी आली की आत डोकावून विचारा, “मधला पत्रा कुठे आहे?” मोठी माणसे चिडतील, तुम्हाला हाकलतील. तरी उद्या पुन्हा विचारा. टेकाडाखाली एक मुलगी बंद खिडकीआड बसली आहे.