कडक भाकरीच्या दुकानातला मोबाईल

मी मोबाईल बोलतोय. एरवी माझ्यातून दुसरेच बोलतात, आज माझं मी बोलतोय. ऐकून घ्या, कारण ज्यानं ऐकायला पाहिजे तो माझा मालक ऐकेल तर शपथ.

मी कुठल्या कारखान्यात जन्मलो ते काही आठवत नाही. जाग आली ती सोलापूरच्या नवी पेठेतल्या एका दुकानात, काचेच्या कपाटात. तिथून राजशेखर कलशेट्टी यांनी मला उचललं आणि शुक्रवार पेठेत आणलं. काय दिमाख होता माझा! अंगाला एक ओरखडा नाही. पहिल्याच दिवशी मालकांनी पिठाच्या अंगठ्यानं माझा कॅमेरा पुसला. तेव्हापासून जग मला धुक्यातच दिसतं.

दुकान कडक भाकरीचं. पुढं काउंटर, मागं तवे. ज्वारीची भाकरी पापडासारखी पातळ थापायची, भाजायची आणि मग मंद आचेवर कापडानं दाबत दाबत पार वाळवायची, म्हणजे महिनाभर टिकते. जोडीला शेंगाचटणी. तव्यांवर चार बायका बसत. त्यांत थोरली नागव्वा. होटगीहून रोज सकाळच्या गाडीनं यायची आणि आल्या आल्या पहिल्यांदा मालकांना बोलायची, मग पीठ मळायची.

मी आलो त्याच साली गल्ली खणली. पाइप टाकायचे म्हणून खणली, मग बुजवली, मग काहीतरी आत राहिलं म्हणून परत खणली. गाडीवरून येणारं गिऱ्हाईक कोपऱ्यावरूनच वळायला लागलं. दुपारी काउंटरवर मालक, मी आणि माश्या.

तेवढ्यात व्यापाऱ्यांच्या संघटनेनं एक भाषण ठेवलं : छोट्या दुकानदारांसाठी कमी खर्चात ऑनलाइन जाहिरात. मालक गेले. मी खिशात होतो, सगळं ऐकलं. बोलणाऱ्या बाई सांगत होत्या, दुकान नकाशावर नीट टाका, मालाचे स्वच्छ फोटो लावा, आणि कुणी काही विचारलं तर त्याच दिवशी उत्तर द्या. एवढं केलंत तरी पुष्कळ, आणि हे सगळं फुकट. मालकांनी त्यातला 'फुकट' हा एकच शब्द घरी आणला.

दुसऱ्या दिवसापासून शुभेच्छा सुरू झाल्या.

चतुर्थीच्या शुभेच्छा. एकादशीच्या शुभेच्छा. डॉक्टर दिनाच्या, चहा दिनाच्या, कुठल्याशा सायकल दिनाच्याही. चित्रात मालक, हात जोडलेले, डोळ्यावर गॉगल. आणि खाली कोपऱ्यात नखाएवढी भाकरी. मी म्हणतो, सायकलीचा आणि भाकरीचा संबंध काय? पण मला कोण विचारतो?

नागव्वानं एकदा मला हातात घेऊन ते चित्र लांब धरून बघितलं. "राजण्णा," ती म्हणाली, "भाकरी इकायची हाय का तुला सोताला इकायचं हाय?"

"ह्याला ब्रँडिंग म्हणतात, नागव्वा."

"काय बी म्हण. भाकरी दिसंना झालीया."

हे चित्र रोज सकाळी मी ढीगभर ग्रुपांवर वाहून न्यायचो. पोस्टमनला निदान दारात पाणी तरी मिळतं. मला शिव्या मिळाल्या. शाळेच्या ग्रुपनं मालकांना काढून टाकलं. मग सासरच्या ग्रुपनं काढलं, तेव्हा मात्र सिद्धेश्वरीवहिनी, म्हणजे मालकीणबाई, नवऱ्याशी बोलेनात. भाजीत मीठ किती टाकायचं तेसुद्धा त्या भिंतीला सांगत होत्या.

आणि गंमत बघा, ह्या सगळ्या धुरळ्यातूनही खरी माणसं मला गाठत होती. 'पार्सल पाठवता का?' 'सोमवारी दुकान चालू असतं का?' 'बाजरीची मिळेल का?' टुंग, टुंग, टुंग. मी वाजायचो, उजळायचो, थरथरायचो. मालक वैतागले. "काय सारखं टुंगटुंग करालाय हे!" म्हणाले आणि माझा आवाजच बंद करून टाकला. ग्रुपवाल्यांच्या शिव्या नकोत म्हणून बंद केला, पण गिऱ्हाईकही त्यातच दाबलं गेलं. मग मी काउंटरवर उताणा पडून आतल्या आत उजळायचो आणि विझायचो.

याच सुमाराला दुकानांची पेजं चालवून देणारा सोमेश आला. मोटारसायकलवरून उतरतानाच म्हणाला, "दादा, तुमचं पेज झोपलंय." पोरगा वाईट नव्हता, पण त्याच्याकडं प्रत्येक दुखण्यावर एकच गोळी होती : फॉलोवर वाढवा. स्वस्तात वाढवून देतो म्हणाला आणि दिले वाढवून. कुठल्या देशातली कोण माणसं, कुणाला चेहरा नाही, कुणाच्या नावात नुसते आकडे. मालक संध्याकाळी दुकान बंद करताना गल्ला बघायचे सोडून फॉलोवर बघायला लागले. चेहरा असा उजळायचा की मला दिवा लावायची गरज नाही.

"ह्यातला एकतरी भाकरी न्यायला आला का?" वहिनींनी विचारलं. तोवर अबोला संपला होता.

"नाव व्हायला वेळ लागतो, सिद्धेश्वरी."

"नाव होईपर्यंत तवे गार होतील की हो."

मालकांनी ऐकलं नाही. ऐकायचा मालकांना कंटाळा आहे, बोलायचा नाही.

मग तो दिवस आला. कुणा अरविंद परुळेकरांनी आमच्या दुकानाला पाचांपैकी एक तारा दिला आणि खाली लिहिलं : 'भाकरी अतिशय कडक आहे. दाढ दुखावली. कृपया कुणी घेऊ नये.'

कडक भाकरी कडक आहे! मलासुद्धा हसू आलं. मालकांना मात्र आलं नाही. माझ्या काचेवर त्यांची बोटं अशी आपटली की कोपऱ्यात तडा गेला. तो आजही आहे. त्यांनी लिहिलं : 'कडक भाकरी कडक नसेल तर काय स्पंज असेल? दात नसतील त्यांनी दूधपाव खावा. उगाच आमचं नाव खराब करू नये.'

पाठवायच्या आधी मी एक सेकंद अडकलो. खरंच अडकलो, मुद्दाम. म्हटलं, तेवढ्यात राग जाईल. मालकांनी मला दोनदा काउंटरवर ठोकलं आणि पाठवून दिलं.

ज्या भाकरीची जाहिरात कुणी बघत नव्हतं, त्या भाकरीचं भांडण अख्ख्या सोलापुरानं बघितलं. लोकांनी फोटो काढून एकमेकांना पाठवले. काहींनी मालकांची पाठ थोपटली, 'बरोबर बोललास बे!' असं लिहिलं. पाठ थोपटणाऱ्यांपैकी भाकरी कुणी नेली नाही. नंतरनंतर सूर बदलला. म्हातारा माणूस दिसतोय, गिऱ्हाइकाशी असं बोलतात होय, असं लोक म्हणायला लागले.

दोन दिवसांनी रेवणसिद्ध केटररचा फोन आला. लग्नाच्या जेवणावळीची आमची सगळ्यात मोठी ऑर्डर त्याचीच.

"राजशेखर, तुमी गिऱ्हाइकाला दात काढून दाखवता म्हणं?"

"तसं नाही रेवणसिद्ध, तो माणूसच..."

"आमचे पाव्हणे पुण्याकडचे हायत. त्यांनी वाचलंय ते. ह्या लग्नाचं राहू द्या."

मालकांनी मला हळूच खाली ठेवलं. इतक्या हळू त्यांनी मला कधीच ठेवलं नव्हतं. मागून तव्यांचा आवाज येत होता, थाप, थाप. ह्या ऑर्डरवरच चौघींचे पुढचे दिवस होते. मालक आत गेले आणि काहीबाही बोलून परत आले. पुन्हा गेले. शेवटी नागव्वाच म्हणाली, "सांग की एकदाचं. सोमवारपास्नं येऊ नको म्हणायचंय न्हवं?"

तिनं हातातली भाकरी तव्यावर टाकली, कडा दाबल्या, उलटली. "एवढी भाजून हुईस्तोवर तरी बसते," म्हणाली.

वहिनी दारात उभ्या होत्या. त्या आल्या, काउंटरवरून मला उचललं आणि आधी पदरानं पुसलं. कॅमेरासुद्धा. अहाहा! कितीतरी दिवसांनी मला माणसांच्या चेहऱ्याच्या कडा दिसल्या.

त्यांनी मालकांचं ते उत्तर काढून टाकलं आणि लिहिलं : 'काका, आमचं चुकलं. आम्ही असं बोलायला नको होतं. भाकरी कशी खायची ते सांगायला आम्ही तुमच्या घरी आलो तर चालेल का?' काकांनी लगेच पत्ता पाठवला. जुळे सोलापूर, म्हणजे शहराबाहेरची नवी वस्ती. खाली एक ओळ : 'या. मात्र दाढ अजून दुखते आहे.'

"मी नाही येणार," मालक म्हणाले.

"तुम्हीच येणार," वहिनी म्हणाल्या.

"आन मी बी," आतून नागव्वा. "भाकरी माज्या हातची हाय. त्येनं मला नावं ठेवल्यात, तुला न्हाय."

रिक्षानं तिघं गेले, मी वहिनींच्या पिशवीत. परुळेकरकाका कोकणातले, नोकरीतून सुटलेले, बायको गेल्यावर लेकीकडं येऊन राहिलेले. लेक दिवसभर कामावर. घरात ते आणि टीव्ही. मालकांनी दारातच हात जोडले. ह्या वेळी गॉगल नव्हता. "काका, माफ करा," म्हणाले. पुढं काही सुचलं नाही तर तेच परत म्हणाले.

नागव्वानं वेळ घालवला नाही. घरातली तुरीची डाळ गरम करून मागितली. ताटलीत भाकरीचा चुरा केला, वरून डाळ ओतली, तेलाची धार सोडली, कांदा बुक्कीनं फोडला. वहिनींनी मला समोर धरून चित्रीकरण सुरू केलं. सवयीनं मालक चित्रात शिरले.

"अहो, बाजूला व्हा की. सावली पडालीय."

मालक बाजूला झाले. पहिल्यांदाच झाले हो!

"आता जरा भिजू द्या," नागव्वा काकांना म्हणाली. "लई भिजवायची बी न्हाय. हां. खावा आता."

काकांनी दुखऱ्या बाजूनं चघळत एक घास खाल्ला. मग दुसरा. मग बोलायचं विसरून ताटली अर्धी केली. शेवटी म्हणाले, "अहो, ही तर फार छान लागते. मी आपली बिस्किटासारखी चावत बसलो होतो. आमच्याकडे तांदळाची भाकरी, ती मऊ असते. मला कसं कळणार?"

"मग इच्चारायचं की," नागव्वा म्हणाली.

"विचारलं होतं ना."

काकांनी स्वतःचा मोबाईल काढून पुढं केला. एक निरोप : 'भाकरी गरम करून खायची का?' दुसऱ्या दिवशी : 'पाण्यात भिजवावी का? कृपया सांगावे.' मग : 'कुणी आहे का?' त्याखाली आमच्याकडून गेलेलं एकच उत्तर होतं. हात जोडलेले मालक, गॉगल आणि सायकल दिनाच्या हार्दिक शुभेच्छा.

मालकांनी वहिनींच्या हातातून मला घेतलं, वर सरकवत गेले, आणि ते तिन्ही निरोप माझ्यात सापडले. मी कधीपासून छातीशी धरून बसलो होतो! त्यांच्या वरही होते, खालीही होते. बाजरीवाले, पार्सलवाले, सोमवारवाले. मालकांचा अंगठा सरकत होता आणि चेहरा उतरत होता.

"हे सगळे गिऱ्हाईक होते?" त्यांनी विचारलं. कुणाला विचारलं कोण जाणे. मी तर ओरडून सांगितलं असतं, पण आवाज अजून बंदच होता.

परत येताना त्यांनी रिक्षातच तो चालू केला.

वहिनींनी त्या दुपारपासून एकेकाला उत्तर लिहायला घेतलं. उशीर झाला, माफ करा, अजून हवी आहे का? अर्ध्याअधिक लोकांनी दुसरीकडून घेतली होती. काहींनी उत्तरच दिलं नाही, आणि का द्यावं? पण काही थांबले होते. हैदराबादला गेलेलं एक विणकराचं कुटुंब, इथल्या एका वसतिगृहातल्या मुली, अक्कलकोटच्या एक बाई. नागव्वाची डाळ ओततानाची फीत टाकली, तिच्यावर लोकांनी आणखी प्रश्न विचारले. लाख लोकांनी वगैरे बघितली नाही. जेवढ्यांनी बघितली त्यांना भाकरी खायची होती, एवढंच.

रेवणसिद्धचं ते लग्न गेलं ते गेलंच. महिनाभर चौघी आळीपाळीनं आल्या. नागव्वा रोज येऊ शकत नाही म्हणून होटगीला बसून चिडायची आणि माझ्यावर फोन करून मालकांना बोलायची. पुढच्या महिन्यात मात्र चारही तवे पुन्हा तापले, रोज.

सोमेश परत एकदा नवी योजना घेऊन आला होता. मालकांनी त्याला चहा पाजला, भाकरीचं पुडकं दिलं आणि सांगितलं, "फॉलोवर राहू दे. तुझ्या ओळखीत कुणाला भाकरी पाहिजे असली तर सांग."

आता माझी दशा ऐका. काचेला तडा, पोटातली बॅटरी थकलेली. चार्जरची वायर विशिष्ट कोनात वाकवून वर वजनाचं माप ठेवलं तरच मला अन्न मिळतं. वहिनी नवा मोबाईल घेऊया म्हणतात. घ्या बापडे. मालक पूर्ण सुधारलेत असंही नाही. परवाच कुठल्याशा दिनाच्या शुभेच्छा तयार करताना मी त्यांना पकडलं, पण वहिनी आल्या आणि थोडक्यात निभावलं.

जायच्या आधी तुम्हा सगळ्या छोट्या दुकानदारांना हात नसताना हात जोडतो. मोठ्या कंपन्यांसारखे पैसे तुमच्याकडं नाहीत, ठीक आहे. पण पलीकडून माणूस काही विचारतोय तर 'हो', 'नाही', 'बघून सांगतो', एवढं लिहायला कुठं पैसे पडतात? तुमच्या खिशातला माझा भाऊ रात्रंदिवस दार वाजवतोय आणि तुम्ही आतून कडी लावून अंगणात रांगोळ्या काढताय. कसं व्हायचं तुमचं!

थांबा. वाजतोय मी. अनोळखी नंबर आहे, म्हणजे नवं गिऱ्हाईक. दुसरी घंटा झाली. वहिनी पार्सल बांधताहेत, मालक काउंटरवरच आहेत, मान वर करून गल्लीतल्या खड्ड्याविषयी कुणाला तरी व्याख्यान देताहेत. तिसरी. चौथी.

अहो मालक, उचला की!