घोंगड्यावरची पाटी

मथुराबाईच्या घरात लोखंडाला आधी हाताच्या उलट्या बाजूनं चाचपायची रीत होती. तिचा नवरा मानसिंग गिरणीत वीज उतरलेल्या मागाच्या सांगाड्याला चिकटून गेला, तेव्हापासूनची. सोडवायला धावलेल्यांत एकच शहाणा निघाला. त्यानं हाताला घोंगडं गुंडाळून मानसिंगला ओढलं, आणि स्वतः वाचला. मथुराबाई दुसरी शिकलेली. विजेचं तिला ठाऊक असलेलं शास्त्र तेवढंच, आणि ते तिला पुरेसं वाटायचं.

त्या रविवारी तिच्या लेकीनं, शालननं, टेबलावर पत्रा अंथरला. पत्र्याची तार नळाला बांधली आणि वर एक हिरवी पाटी ठेवली. पाटीवर बारक्या पायांचे काळे तुकडे, कोपऱ्यात आकड्यांची बटणं.

"ह्यो तुजा संगणक व्हय?" मथुराबाई म्हणाली. "मला वाटलं कपाटाएवढा असंल. ह्याच्यावर धड भाकरी बी थापता येत न्हाय."

"आये, साऱ्या तंत्रशाळेत हे एकच यंत्र हाय. माज्या सहीवर घरी आनलंय. हात लावू नकोस."

"मी कशाला लावू? मला कामं न्हाईत व्हय?"

सोमवारी यंत्र चालवून दाखव, सहायकाची जागा तुझी, असं मुख्य सरांनी सांगितलं होतं. जागा नाही मिळाली तर अकलूजचं सासर. तिथला नवरा उसाच्या कांड्यानं पाठ फोडायचा. तरी ही अट घातली होती मथुराबाईनंच. शालनचा थोरला दीर बाळासो न्यायला आला, तेव्हा भावकीसमोर ती ठसक्यात बोलून गेली होती, "माघी पुनवंपातूर पक्की नोकरी लागली तर माजी लेक हितंच ऱ्हाईल. न्हाईतर मी सोता आनून सोडीन." मथुराबाईनं शब्द मागे घेतल्याचं आजवर कुणी पाहिलं नव्हतं.

शालन तीन पायांची पिन आणायला बाजारात गेली. मथुराबाई चुलीपुढं बसली, पण नजर पत्र्यावरून हलेना. उघडा पत्रा, त्याला तार. पोरगी चार बुकं जास्त शिकली म्हणून मरण काय दार चुकतं? तिनं ट्रंकेतलं सांगोल्याचं कोरं घोंगडं काढलं. पाटी बाजूला ठेवली, तार उपटली, पत्रा भिंतीला उभा केला. घोंगडं अंथरून तळहातानं चोळून चोळून सपाट केलं. पौषातली कोरडी हवा, लोकर तडतडली. पाटी उचलून घोंगड्यावर ठेवताना बोटाला चट्‌दिशी काही चावलं.

"बघ की," ती स्वतःशी म्हणाली, "वीज जोडायच्या आदीच चावतंय." वेळेवर सुचलं म्हणून तिला बरं वाटलं.

शालन दारातच थांबली. "पत्रा कुटंय?"

"भिंतीला. बापाचं काय झालं ते इसरलीस?"

शालननं पाटी लाकडी पाटावर घेतली, पिन लावली, बटण दाबलं. काल शाळेत लाल आकडे उमटले होते. आज अंधार. तारा तपासून तिनं पुन्हा दाबलं, पुन्हा. मग हात मांडीवर ठेवून बसली.

"लोकर घासली की अंगात वीज साचती, आये. आपल्याला मुंगी चावल्यागत. ह्यातले तुकडे तेवढ्यानं मरत्यात. ती निगून जावी म्हनून पत्रा हुता. पत्र्यात वीज नव्हतीच."

"मंग आदी सांगितलं का न्हाईस?"

"ऐकलं असतंस?"

मथुराबाईनं घोंगडं ओढून ट्रंकेत टाकलं.

सोमवारी ती लेकीबरोबर तंत्रशाळेत गेली. पदर सारखा करून म्हणाली, "सायेब, माज्या हातनं झालं. तिची चूक न्हाय."

सरांनी कागद पुढं केला. "बाई, सही कुणाची आहे?"

"माझी," शालन म्हणाली.

जागा दुसऱ्याला गेली.

पुनव झाली आणि दुसऱ्या दिवशी बाळासो दोन चुलत्यांना घेऊन हजर. शालननं पिशवी भरून ठेवली होती. आईचा शब्द तिला माहीत होता.

"मावशी, शब्द तुमचाच हुता," बाळासो म्हणाला.

"माजाच."

"मंग चला, सोडायला येताय न्हवं?"

मथुराबाई उठली नाही. "न्हाय धाडत."

"भावकीपुढं बोलला हुता तुमी."

"बोलले हुते. आता माज्याच तोंडानं मोडते. जावा, अकलूजभर सांगा, मथुराबाई थुकून चाटती."

चुलते एकमेकांकडं बघत उठले. चहाच्या कपांवर साय धरली होती. थोरला चुलता उंबऱ्यातून म्हणाला, "ह्याच्यापुढं आमच्या लग्नाकार्यात तुमी येऊ नका."

ती मान हलवून बरं म्हणाली.

पावलांचा आवाज गेला तरी शालन पिशवी धरून उभीच होती.

"ठेव ती खाली," मथुराबाई म्हणाली. "आता तुला कुनी न्यायला यायचं न्हाय. आन मला कुनी बोलवायचं न्हाय."