मोरीतला नेम

त्या घराची लांबी सांगितली तर लोकांना पटते, रुंदी सांगितली तर पटत नाही. पुढची खोली, मधली खोली, स्वयंपाकघर आणि शेवटी मोरी, अशी सगळी एकामागे एक, आगगाडीचे डबे जोडावेत तशी. मधल्या खोलीत कुणी कूस बदलली की पलीकडच्या घरात राहणारा चष्म्याचा दुकानदार, चष्मेवाला, खाटेवरून खाली पडायचा, असं ड्रायव्हरबुवा सांगत. चष्मेवाला म्हणे, छे, एकदाच पडलो होतो. म्हणजे पडला होता, हे तर खरंच.

ड्रायव्हरबुवा जन्मभर बस चालवून घरी बसलेले. मुलगा फिरतीच्या नोकरीत, त्यामुळे घरात बहुतेक दिवस सासरा आणि सून दोघंच. सून घरीच शिवणकाम करी. सुईत दोरा ओवायला तिला कधी दुसरा प्रयत्न लागत नसे. बुवांच्या म्हणण्याप्रमाणे ती सुई लांब धरून दोरा नुसता फेकायची. एकदा फुगे फोडायच्या स्टॉलवर तिने सहज बंदूक हातात घेतली, तर फुगे संपले आणि स्टॉलवाला दुकान आवरून दुसऱ्या गावी गेला. बुवांनी दुसऱ्याच दिवशी तिला छर्ऱ्यांचं एअर पिस्तूल आणून दिलं. सुनेला साडी आणतात, तुम्ही पिस्तूल आणलंत, असं चष्मेवाला म्हणाला. साडीने नेम धरता येत नाही, असं बुवा म्हणाले.

आता हा खेळ खेळायचा दहा मीटरवरून. घर मोरीच्या भिंतीपासून पुढच्या भिंतीपर्यंत धरलं तरी तेवढं भरेना. सून शिवणकामवाली, मापाला घाबरते थोडीच. जेवढं घर कमी, तेवढ्या प्रमाणात तिने निशाणाचा कागद लहान केला, बाळाचं झबलं बेतावं तसा. पुढच्या भिंतीशी लावलेल्या कागदामागे पत्र्याचा डबा ठेवला, त्यात कापडाची कातरणं ठासून भरली, म्हणजे छर्रा त्यात जिरावा. मग बुवा पुढचं दार आतून अडसर घालून बंद करत, खोल्या तपासत मागे येत, मोरीत सुनेच्या पाठीशी बादली पालथी घालून बसत आणि म्हणत, "रस्ता मोकळा." त्याशिवाय ती छर्रा भरत नसे. बसायची जागा काही सुखाची नव्हती. मोरीचा उतार मागच्या कोपऱ्यातल्या भोकाकडे, त्यामुळे बादली घसरू नये म्हणून बुवांना भिंतीला पाय लावून बसावं लागे. पण त्यांनी कधी कुरकुर केली नाही. छर्रा मधोमध लागला की ते इतकी मोठी शाबासकी देत की चष्मेवाला भिंत ठोकायचा.

गावातल्या नेमबाजी क्लबात दरवर्षी बाहेरच्या हौशी माणसांची एक स्पर्धा होई. जो पहिला येईल त्याला क्लबाच्या चमूत जागा आणि सरावाला मोठं सभागृह. जागा एकच. सुनेला ती हवी होती. ती बोलून दाखवत नसे, पण त्या दिवसांत तिने दोन गिऱ्हाइकांच्या बाह्या उलट्या लावल्या, त्यावरून बुवांनी ओळखलं. आणि ती जे बोलली नाही ते बुवांनी बाजारभर बोलून ठेवलं. जागा आमचीच, असं ते भाजीवालीपासून न्हाव्यापर्यंत सगळ्यांना सांगून आले. चष्मेवाला म्हणाला, मोरीत पोहून कुणी समुद्र ओलांडला आहे का? बुवा त्याला म्हणाले, तू ये तर खरा, येताना तुझाच चष्मा घालून ये.

स्पर्धेच्या दिवशी सभागृहात शिरल्यावर मात्र बुवांनी डोक्यावरची टोपी दोनदा सारखी केली. लांबरुंद जागा, गुळगुळीत सपाट फरशी. प्रेक्षकांची बाकं मागे, आणि प्रेक्षकांनी नेमबाजाशी एक शब्दही बोलायचा नाही असा नियम. बुवांशेजारी एका बाजूला क्लबाचे सेक्रेटरी, दुसऱ्या बाजूला चष्मेवाला.

आधी सरावाचे छर्रे होते. सुनेचा पहिला खाली गेला, दुसरा खाली, तिसरा त्याहून खाली. चष्मेवाल्याने चष्मा काढून पुसला, आणि ते पुसणंच बुवांना झोंबलं. सुनेचा कान लाल झालेला त्यांना मागून दिसत होता. बुवा तिच्या हाताकडे बघेनात, पायांकडे बघू लागले. उजवा पाय पुढे, डावा मागे, रोजच्यासारखाच. पण अंग पुढे झुकलेलं. आणि एकदम त्यांच्या डोक्यात उजेड पडला. मोरीत मागचा पाय उतारावर, म्हणून पोरगी आजवर अंग पुढे रेटून उभी राहायला शिकली. इथे फरशी सपाट. सपाट रस्त्यावर तिने चढाचा गिअर टाकला होता.

सांगायचं कसं? तोंड तर बंद. तेवढ्यात सरावाची वेळ संपली, सुनेने पिस्तूल खाली ठेवलं आणि मागे वळून पाहिलं. बुवा ताडकन उठले. उजवा पाय त्यांनी समोरच्या बाकावर ठेवला, डावा जमिनीवर, हात लांब करून बोट रोखलं, अंग पुढे रेटलं आणि डाव्या पायाकडे मान हलवू लागले. सभागृहाला वाटलं, म्हाताऱ्याच्या अंगात आलं. पाय निसटला आणि बुवा सेक्रेटरींच्या मांडीवर जाऊन पडले.

सून खुदकन हसली. मग तिचं हसू थांबलं. तिने डाव्या पायातला बूट काढून बाजूला ठेवला आणि पुढचा पाय बुटात उंच, मागचा अनवाणी खाली, अशी उभी राहिली. पंचांनी नियमांचं पुस्तक पुढून मागे चाळलं, मागून पुढे चाळलं. दोन्ही बूट घातलेच पाहिजेत असं कुठे लिहिलेलं नव्हतं.

त्यानंतरचं बुवांनी डोळे मिटूनच ऐकलं. शेवटी शेवटी तर म्हणे छर्रा आधीच्याच भोकातून जायचा, कागदाला नवीन भोकच पडेना, आणि पंच म्हणू लागले की बाई नुसता आवाज करताहेत. एवढं खरं की जागा तिची झाली. चष्मेवाल्याने सगळ्यांत आधी टाळ्या वाजवल्या, आणि बुवांनी ते पाहिलं.

सेक्रेटरी मांडी चोळत तिच्याजवळ आले आणि त्यांनी विचारलं, एवढा नेम तुम्हाला शिकवला कुणी?

बुवांनी उभ्या आयुष्यात पिस्तुलाचा चाप ओढला नव्हता. ते घाईने बाकाखाली पडलेली टोपी शोधू लागले.

"हे काय, आमचे मामंजी," सून म्हणाली. "मी कधी कुठे कलते, ते त्यांनाच कळतं."

सगळे बुवांकडे वळले. बोलायची एवढी नामी संधी, आणि जन्मभर कुणाला बोलू न दिलेल्या त्या माणसाला एक शब्द सापडेना. डोळे पुसायला त्यांनी चष्मेवाल्याचा रुमाल मागितला, तोही खुणेने.

ही अवस्था त्यांची फार टिकली नाही. घरी जाताना रिक्षावाल्याला पहिल्या वळणावरच कळलं होतं की स्पर्धा झाली, दुसऱ्या वळणावर कळलं की परदेशातून माणसं आली होती, आणि घर यायच्या आधीच तो रिक्षा बाजूला थांबवून, मागे वळून, तोंड उघडं टाकून ऐकत बसला होता. सून काहीच खोडून काढत नव्हती. एका पायात बूट तसाच राहिला होता, दुसरा मांडीवर होता, आणि ती मधूनमधून म्हणत होती, "मग? पुढे काय झालं, मामंजी?"