रुमालाखालचा सौदा

बैलाच्या भावाचा आकडा बोटांनी सांगायला रुमालाखाली अमृत व्यापाऱ्याची तीन बोटं धरलेली असतानाच हौशीरामच्या पोटात कळ आली. त्यानं बोटं सोडली आणि पेट्रोल पंपामागच्या संडासाकडे चालू लागला. पळणं दलालाला शोभत नाही.

“राव, सौदा सोडून कुठं?” अमृत ओरडला. “सकाळपास्नं पंपावरच मुक्काम दिसतोय!”

“फोन आलाय.”

फोन अमृतच्या शेजारी बाकड्यावर पडला होता.

बेल्ह्याच्या बाजारात जनावर पारखावं तर हौशीरामनं. आतड्याचा क्रोन्स नावाचा आजार जडला, तेव्हा मात्र तोच दुष्काळातल्या बैलासारखा वाळला होता. मग पंधरवड्याला एक इंजेक्शन सुरू झालं. फ्रिजमध्ये मिरच्यांशेजारी ठेवायचं, आपलं आपण टोचायचं, वर्षानुवर्षं. हळूहळू अंगावर मांस आलं, भाकरी पचू लागली. तेव्हा आरशासमोर उभं राहून त्यानं स्वतःची पारख केली. चाल बरी, दात शाबूत, खोड काही नाही. असल्या जनावराला कोण सुया टोचतं? बायकोला नसता घोर नको, म्हणून मागचे दोन डोस त्यानं परसातल्या भोपळ्याला टोचले. भोपळ्याची प्रकृती उत्तम होती.

डॉक्टरांचं बोलणं मात्र आता संडासात बसल्या बसल्या आठवत होतं. मनानं बंद करू नका; खंड पडला तर हेच औषध पुन्हा लागू पडेलच असं नाही.

तो परतला तर बाकड्यावर उज्ज्वला, त्याची बायको, मांडीवर जड पिशवी घेऊन बसलेली. दुपारच्या गाडीनं दोघांना तपासणीला नारायणगावला जायचं होतं.

“पोट कसंय?”

“झकास.”

“किती येळा गेला?”

“फोन आलता गं.”

तिनं बाकड्यावरचा फोन उचलून त्याच्या हातात दिला. मग त्याच्या खांद्यावरचा रुमाल ओढून दोघांच्या हातांवर टाकला.

“वैनी, काय इकताय?” अमृत हसला.

“हाय एक जुनं जनावर.”

तोंडानं माणूस काहीही बोलतो. पण रुमालाखाली खोटी बोटं दाबणाऱ्याच्या हाताला या बाजारात पुन्हा कुणी हात लावत नाही. हौशीरामनं आभाळाकडे पाहिलं. मग तिची चार बोटं धरली. थांबला. अंगठाही धरला.

तिनं हात काढला नाही. उलट त्याची दोन बोटं पकडली आणि वाट पाहत राहिली. त्या दोन डोसांविषयी तो तिच्याशी चकार शब्द बोलला नव्हता. शेवटी कबूल म्हणून त्यानं तिचा हात दाबला.

“ठरलं का?” अमृतनं विचारलं.

“ठरलं.” उज्ज्वलानं रुमालाची घडी केली. “चला. आन् डॉक्टरम्होरं तोंडानं सांगायचं. तिथं रुमाल न्हाई.”

हौशीरामनं पिशवी उचलली. आत घरचा भोपळा होता. सालीवर दोन जागी चीक सुकलेला.

“ह्यो कशाला घेतलाय?”

“तुमी न्हाई बोलला, तर ह्यो बोलंल.”

त्यानं पिशवी खाली ठेवली आणि पुन्हा पंपाकडे पाहिलं.

“जावा,” ती म्हणाली. “मी थांबते.”